ओरेनाच्या आईची बाटली

ओरेनाचा देश बघायला मी लायब्ररीतलं नकाशांचं सगळ्यात जाडजूड पुस्तक काढलं होतं, तरी तो मला सापडला नाही. शेवटी तीच माझ्या खांद्यावरून वाकली आणि निळ्या समुद्रातल्या ज्या चार ठिपक्यांना मी छपाईची घाण समजत होते, त्यांच्यावर तिने नख टेकवलं. ‘हे आम्ही,’ म्हणाली. तलोरा. चार बेटं, पंधरा दिवसांतून एकदा बोट, आणि एका बेटावर तर माणसांपेक्षा खेकडे जास्त, असं तीच सांगायची. मी सांगलीची. आपलं गाव म्हणजे केवढं मोठं, असा तोरा मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा मिरवता आला तो तिच्यापुढे.

आम्ही दोघी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, एका तळघरातल्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. ती मातीचा अभ्यास करायला आली होती, मी स्टॅटिस्टिक्सचा. खिडकी जमिनीच्या पातळीला, त्यामुळे बाहेरच्या माणसांचे नुसते बूट दिसायचे. थंडी सुरू झाली की तेही दिसेनासे व्हायचे, कारण खिडकीला अर्ध्यापर्यंत बर्फ लागायचा. हीटरचा पाइप दिवसभर टकटक करायचा. पहिल्या आठवड्यात मी दोनदा ‘येस? कम इन’ म्हटलं होतं, कुणीतरी दार वाजवतंय असं वाटून. त्यावर ओरेना इतकी हसली की तिला ठसका लागला. एकटेपणा म्हणजे काय हे मला त्या तळघराने शिकवलं. सांगलीत मी एकटं राहायला मिळावं म्हणून गच्चीवर जाऊन बसायची, आणि इथे बसमध्ये शेजारी कुणी बसलं तरी बरं वाटायचं. दिवसदिवस माझं नाव कुणी नीट घ्यायचं नाही. ओरेना मला ‘वासू’ म्हणायची. वसुधाचं वासू, पुरुषी वाटायचं, पण निदान हाक तरी होती.

स्वयंपाकघरावरून आमची सुरुवातीला जुंपली. माझ्या फोडणीने धुराचा अलार्म कोकलायचा आणि तिच्या डब्यातल्या माशांनी फ्रिज दरवळायचा. मग आपोआपच तह झाला. फोडणीच्या वेळी ती खुर्चीवर चढून अलार्मखाली पुठ्ठा हलवायची आणि मी तिच्या माशांच्या डब्यावर झाकण ठेवून वर दगड ठेवायची. भात दोघींचा एकच. माझं वरण तिला आवडायचं, हिंग मात्र सोसायचं नाही. रात्रीचं जेवण टेबलावर समोरासमोर बसूनच, हा तिचा हट्ट. पुस्तक पुढ्यात ठेवून खाल्लेलं तिला चालायचं नाही. ‘माणूस समोर असताना कागद काय बघतेस?’ असं खडसावायची. मला राग यायचा, पण ती एखाद्या संध्याकाळी लॅबमध्ये अडकली की घास घशाखाली उतरायचा नाही हेही खरं.

आता दारूचं सांगायला हवं, म्हणजे आधी आमच्या घरचं. माझे वडील नगरपालिकेत हेडक्लार्क होते. शांत, सज्जन, कुणाच्या अरेला कारे न करणारा माणूस. ते प्यायचे. आरडाओरडा नाही, मारहाण नाही, दिवेलागणीला मधल्या खोलीत जायचे आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत आमचे नसायचे. घरात त्याला ‘औषध’ म्हणत. ट्रंकेमागे रमची बाटली असायची आणि सकाळी ते आंघोळीला गेले की आई मला खूण करायची. ती त्या बाटलीला बोटसुद्धा लावायची नाही, ओतायचं काम माझं. निम्मी बाटली मोरीत आणि तेवढाच कोरा चहा आत, रंगाला रंग जुळेल असा. माझं वय नऊ असेल तेव्हा हे सुरू झालं आणि मी अमेरिकेला निघेपर्यंत चाललं. वडिलांना कळत नसेल? न कळायला काय झालं! पण ते कधी एक शब्द बोलले नाहीत, आम्हीही नाही. तिघंही इतके गप्प की बाहेरच्याला वाटावं, काय सुखी घर आहे. आणि खरं सांगते, मला त्या कामाचा अभिमान होता. परीक्षेत पहिली येणारी, आईच्या शब्दाबाहेर न जाणारी आणि बापाची दारू ओतणारी गुणी मुलगी. निघताना आईने देवासमोर उभं करून माझ्याकडून वदवून घेतलं की थेंबाला शिवणार नाही आणि पिणाऱ्याच्या सावलीला उभी राहणार नाही.

पिणाऱ्यांच्या सावल्या काही चुकल्या नाहीत. दर शुक्रवारी शरदच्या घरी आम्ही सगळे मराठी विद्यार्थी जमायचो. शरद नागपूरचा, इंजिनिअरिंगचा, गाडी असलेला एकमेव, त्यामुळे आमचा राजा. खिचडी व्हायची, कॅसेटवर जुनी गाणी लागायची आणि मुलं बिअर प्यायची. मधेच कुणी कॅमेरा काढला की शरद ओरडायचा, ‘अरे यार, कॅन खाली, कॅन खाली! फोटो घरी जायचाय!’ मग सगळे पटापट कॅन सोफ्यामागे ठेवून, हाताची घडी घालून, दात दाखवून उभे. त्या फोटोंत आम्ही एखाद्या स्नेहसंमेलनाला आलेल्या बालवीरांसारखे दिसतो. आता माझी मुलगी वाइनचा ग्लास हातात धरून मला फोटो पाठवते आणि खाली लिहिते, ‘आई, चीअर्स!’ मी अंगठा दाखवते. काय करणार!

ओरेनाला मी दोनतीनदा शरदकडे घेऊन गेले. ती कोपऱ्यात सोड्याचा ग्लास धरून बसायची. मला केवढा आधार वाटला होता त्या ग्लासाचा! परत येताना बसमध्ये मी विचारलं, ‘तूही पीत नाहीस?’ ती म्हणाली, ‘इथे कशी पिणार? इथे प्रत्येक जण फ्रिज उघडतो आणि आपलं आपण घेतो. मला बघवत नाही ते.’ मग स्टॉप येईपर्यंत तिने मला तलोराचं सांगितलं. तिथे घरोघरी माडाच्या रसाची सुवा करतात (‘म्हणजे आमची माडीच की,’ मी म्हटलं), ती गुळाच्या रंगाची होईपर्यंत वर्षानुवर्षं मुरवतात, आणि स्वतःच्या कपात स्वतः कुणी कधी ओतत नाही. ओतायला दुसरं माणूस लागतं. बाळाचं नाव ठेवताना मावशी बोटाने एक थेंब जिभेला लावते, भांडण मिटलं की भांडणारे एकमेकांना ओततात. ज्याला ओतणारं कुणी नाही त्याने प्यायचं नाही, आणि एकटं पिणं म्हणजे रस्त्यात कपडे काढल्यासारखं. तिच्या आईची सुवा चारही बेटांवर नावाजलेली होती. मी यातलं किती ऐकलं? सोयीचं तेवढं. दुसऱ्या दिवशी आईला पत्र टाकलं, ‘खोलीतली मुलगी निर्व्यसनी आहे. काळजी करू नये.’

फेब्रुवारीत एके सकाळी तिला फोन आला. बेटावरच्या पोस्टातून तिचे मामा बोलत होते. ती दोनच शब्द बोलली, मग बराच वेळ रिसीव्हर धरून उभी राहिली. फोन केव्हाच बंद पडलेला असावा. ‘आई गेली,’ ती म्हणाली, ‘परवाच. पुरलं पण.’ तीन विमानं आणि पंधरवड्याची बोट, जाऊन उपयोग नव्हता. मी काय करायचं तेच मला कळेना. जवळ घ्यायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. मी आधण ठेवलं, चहा केला, तिच्या हातात दिला आणि क्लासला निघून गेले. आजही आठवलं की माझीच मला लाज वाटते.

संध्याकाळी परत आले तर टेबलावर एक बाटली होती. झावळीच्या विणलेल्या पिशवीत घट्ट बसवलेली, पोटाशी फुगीर, तोंडाला कापडाचा बोळा. बाटलीवरचं राळेचं सील फोडून कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं मला दिसलं. शेजारी दोन कप. ओरेना ओट्यापाशी उभी राहून कोरडा भात खात होती. मी म्हटलं, ‘बस ना,’ तर तिने मान हलवली. त्या दिवसापासून ती टेबलाशी बसलीच नाही. उभ्यानेच दोन घास खायची आणि मग खोलीच्या दारात जमिनीवर बसून त्या बाटलीकडे आणि माझ्याकडे बघत राहायची. डोळे लाल, केस विंचरलेले नाहीत, लॅबला दांड्या. खोलीत आंबूस वास भरल्यासारखा वाटायचा. आता वाटतं, वास तिच्या तीन दिवस न धुतलेल्या भांड्यांचा होता. पण मला तेव्हा शंका कसली, खात्रीच होती. मी ही लक्षणं नऊ वर्षांची असल्यापासून ओळखत होते. आणि दुसरा कप कुणासाठी? माझ्यासाठी! मलाही ओढायला बघतेय, असं वाटून मी इतकी तडकले की दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. जिला अख्ख्या गावात माझ्याखेरीज कुणी नव्हतं, तिच्याशी!

तिसऱ्या दिवशी शरदला कॉम्प्युटर सेंटरच्या रांगेत गाठून सांगितलं. तो म्हणाला, ‘अगं, आई गेलीय तिची. पिऊ दे ना थोडी. तू कशाला टेन्शन घेतेस?’ मी म्हटलं, ‘तुला काय कळतंय, तुझ्या घरी कुणी पीत नाही.’ तो माझ्याकडे विचित्र बघायला लागला, कारण माझ्या घरी कुणी पितं हे मी अमेरिकेत पहिल्यांदाच बोलले होते. मी विषय बदलून निघून आले.

आठव्या दिवशी ती आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि माझे हात आपोआप कामाला लागले, जणू आईने स्वयंपाकघरातून खूण केली. आधण ठेवलं, चहाची पूड जास्त टाकली, दूध नाही, साखर नाही. भांडं थंड पाण्यात धरून चहा निववला. बोळा काढला, सिंकचा नळ मोठा सोडला आणि बाटली उपडी केली. ती भरलेली होती, अगदी गळ्यापर्यंत. आठ दिवसांत त्यातला एक थेंबही कमी झालेला नव्हता. हे मला बाटली उचलतानाच कळलं होतं, वजनावरून. हे लिहिताना मी या ओळीपाशी येऊन तीन दिवस थांबले होते, कारण इथे मला स्वतःची बाजू घेता येत नाही. मी थांबू शकले असते. थांबले नाही. सगळी ओतली, चहा भरला, बोळा बसवला, बाटली होती त्याच जागी होती तशी ठेवली. ओरेना बाहेर आली तेव्हा मी वही उघडून गणितं करत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

नवव्या दिवशी दुपारीच घरी आले. ती टेबलाशेजारी उभी होती, अंगावर धुतलेले कपडे, केसांना तेल. बाहेर बर्फावरचं ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. साडेपाच-पावणेसहाला अंधार पडायचा तिथे. ती एकदम म्हणाली, ‘वासू, आमच्यात हे मागायचं नसतं. पण न मागता तुला कसं कळणार? मी रोज वाटच बघतेय.’

मग तिने सांगितलं. तलोरात मुलगी घर सोडून निघाली की आई तिला आपल्या हातची एक बाटली देते. आई गेल्याचं कळलं की मुलीने तिचं सील काढून ती दोन कपांबरोबर मांडून ठेवायची, त्यातला एक कप आईचा, तो रिकामाच राहतो. कुणीतरी आपणहून येतं, ओततं, अर्धं तिला पाजतं, अर्धं स्वतः पितं. मग दुखवट्यातली मुलगी खाली बसते आणि माणसांत जेवते. शेजारीण येते, मैत्रीण येते, भांडलेली बाईसुद्धा येते. तिथे पहिल्याच संध्याकाळी दारात गर्दी होते. पण नववा सूर्य मावळेपर्यंत कुणीच आलं नाही, तर त्या मुलीला माणसं नाहीत असं धरतात. मग तिने आपल्या बेटावर परत जाईपर्यंत उभ्यानेच जेवायचं. ओरेनाची अजून दोन वर्षं शिल्लक होती.

‘तुला तुझ्या आईने शपथ घातलीय, मला माहितेय,’ ती म्हणाली. ‘तू ओठाला लावलंस तरी चालेल. नाही लावलंस तरी चालेल. पण ओत.’

सांगायचं होतं, देवा, सांगायचंच होतं. पण खिडकीतलं ऊन बर्फाच्या रेघेपर्यंत खाली आलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. आत्ता सांगितलं तर हिच्याकडे काहीच उरत नाही, असा हिशेब मी केला. आमच्या घरात असाच हिशेब करून सगळे गप्प बसायचे. मी बोळा काढला आणि ओतलं. रंगाला रंग इतका जुळला होता की क्षणभर मलाच शंका आली. कप तिच्या ओठांशी नेला.

तिने एक घोट घेतला आणि थांबली. तोंडातला घोट तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग गिळला. दुसरा घेतला, तिसरा घेतला, बरोबर निम्म्यावर थांबली आणि कप माझ्याकडे सरकवला. मी उरलेलं प्यायले. गार, कडू, कोरा चहा. मग तिने खुर्ची ओढली आणि नऊ दिवसांनी बसली. मी दोन ताटं वाढली, वरण-भात. तिने सगळं खाल्लं, हिंगासकट. मला एक घास गेला नाही. पाइप टकटकत होता.

‘कधी?’ तिने विचारलं.

‘काल. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा.’

‘सगळी?’

‘सगळी. मला वाटलं तू पितेस. ओरेना, मला खरंच वाटलं की...’

‘एकटी?’ ती म्हणाली. तिला राग आला नव्हता. नुसतं आश्चर्य वाटलं होतं, की मी तिच्याबद्दल असं धरून चालले.

‘मग तू का प्यायलीस? पहिल्या घोटाला कळलं ना तुला?’

‘तू ओतत होतीस,’ ती म्हणाली. ‘दुसरं कोण येणार होतं?’

मी रडायला लागले. रडायचा हक्क तिचा होता आणि रडत होते मी. तिने मला रडू दिलं. मग, जसं काही एवढंच एक विचारायचं राहिलंय अशा आवाजात, तिने विचारलं, ‘वास कसा होता?’

‘कसला?’

‘सुवेचा. ही बाटली माझ्या जन्माच्या वर्षाची होती. आईने ती कुणाला हुंगूसुद्धा दिली नव्हती. सील काढल्यावर मीही बोळा लगेच बसवला, तो ओतणाऱ्यानेच काढायचा असतो. म्हणून वास तुलाच माहीत आहे. धुराचा होता का? की गुळाचा? आई त्यात कसली तरी सालं घालायची, ती मला कधी सांगितली नाहीत. तू सांग, मी ओळखेन.’

मी काहीही सांगू शकले असते. धूर म्हटलं असतं तरी तिने विश्वास ठेवला असता. पण आदल्या दिवसापासून मी खूप खोटं पचवलं होतं, आता आणखी जाईना.

‘मी नाक दाबून ओतली,’ मी म्हटलं. ‘मी नेहमी नाक दाबूनच ओतते.’

ओरेना उठली. सिंकपाशी गेली, दोन्ही हात काठावर टेकवून वाकली आणि पाणी जायच्या भोकाशी तोंड नेऊन तिने खोल श्वास घेतला. मग थोडं थांबून पुन्हा घेतला. मी खुर्चीतच बसून होते. तिथे काही नव्हतं. मी आदल्या दिवशीच सगळं सिंक साबणाची पूड टाकून दोनदा घासून काढलं होतं.